एकदाच मोजता येणारा समुद्र

म्हापशाहून कांदोळीचा किनारा दहा-बारा किलोमीटरांवर आहे. या किनाऱ्यासमोर, जिथे पाण्याची खोली सत्तावीस-अठ्ठावीस मीटर भरते अशा एका ठरलेल्या जागी, दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून वारंवार जात आले आहेत. वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी घ्यायचे आणि त्याचे तापमान, खारेपणा, त्यात विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट वगैरे मोजायचे, हे त्यांचे तिथले काम. पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी आपल्या किनाऱ्याकडे तळालगत सरकत येते. वरून पाऊस आणि मांडवी, शापोरासारख्या नद्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरवतात. हा थर हलका असल्यामुळे खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही आणि हवेतला प्राणवायू तळापर्यंत पोचू देत नाही. तळाचे जीवाणू सेंद्रिय पदार्थ कुजवताना उरलासुरला प्राणवायू संपवतात, मग नायट्रेटकडे वळतात आणि तेही संपले की सल्फेटकडे. चवथीच्या आगेमागे, सप्टेंबर-ऑक्टोबरात, या तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड सापडतो. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातून नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वीचे तापमान वाढवणारा वायू किती मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, हे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले, तेव्हा कांदोळीसमोरच्या पाण्याचे नाव जगभरच्या समुद्रशास्त्रज्ञांच्या तोंडी झाले.

या नोंदींचा एक गुण फारसा बोलला जात नाही. प्रयोगशाळेतला प्रयोग बिघडला किंवा त्याची वही हरवली, तर तो प्रयोग पुन्हा करता येतो. १९९९ च्या सप्टेंबरातले कांदोळीचे पाणी मात्र आता कुठेच नाही. त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीचा वारा आणि त्या वर्षी शेतांतून वाहून आलेले खत यांचा मिळून जो परिणाम झाला, तो त्या बाटल्यांत मोजला गेला आणि संपला. आजपासून पन्नास वर्षांनी कोणी विचारले की गोव्याचा समुद्र गुदमरायला नेमका कधी लागला, तर उत्तर फक्त जपलेल्या आकड्यांत असेल. निसर्गाच्या निरीक्षणातून आलेला मूळ, कच्चा डेटा म्हणूनच इतर डेटापेक्षा वेगळ्या दर्जाचा मानला पाहिजे. आणि तो जेव्हा फार मोठा होतो, तेव्हा त्याला दीर्घकाळ सांभाळण्यासाठी आज उपलब्ध असलेले सर्वांत भरवशाचे माध्यम म्हणजे चुंबकीय टेप, असे माझे ठाम मत आहे. ज्या टेपला आपण गाण्यांच्या कॅसेटबरोबर निरोप दिला, तिचीच सुधारलेली पिढी आज जगातल्या मोठ्या विज्ञानसंस्थांच्या तळघरांत काम करते आहे.

जुना डेटा जपून नेमके काय मिळते, याचा पुरावा आधी पाहू, कारण टेपचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. विसाव्या शतकात असंख्य जहाजांनी, त्यांत कित्येक देशांच्या नौदलांनी, समुद्राचे तापमान खोलवर मोजून ठेवले. मोजणाऱ्यांचा हेतू पाणबुड्या शोधण्याचा होता, मासेमारीचा होता, क्वचित शुद्ध कुतूहलाचा. हवामानबदल हा शब्द त्यांच्यापैकी बहुतेकांनी ऐकलाही नसेल. या नोंदी बंदरांच्या कचेऱ्यांत, हस्तलिखित तक्त्यांत, जुन्या टेपांवर विखुरलेल्या होत्या. १९९३ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाच्या छत्राखाली अमेरिकेच्या सिडनी लेव्हिटस यांच्या पुढाकाराने त्या शोधून वाचवण्याची मोहीम सुरू झाली. हिंदी महासागराभोवतालच्या देशांसाठी या मोहिमेची कार्यशाळा डिसेंबर १९९४ मध्ये आपल्या दोना पावलला भरली होती. पुढे २००० साली लेव्हिटस आणि सहकाऱ्यांनी याच गोळा केलेल्या नोंदींच्या आधारे दाखवून दिले की १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगाचा समुद्र खोलपर्यंत तापला आहे. हवेतल्या तापमानाच्या चढउतारांवर शंका घेणाऱ्यांनाही समुद्रात साठलेली ही उष्णता नाकारणे अवघड गेले. ज्या आकड्यांनी हा निष्कर्ष दिला, ते आकडे त्या प्रश्नासाठी कोणी मोजलेलेच नव्हते.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातले आहे आणि ते मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात डेटाचा आकारही मोठा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ या कमी कंप्रतेवर जवळजवळ सगळे आकाश पाहिले. या कंप्रतेवर एक मोठी अडचण असते. वातावरणाच्या वरच्या भागातला आयनांबर रेडिओतरंगांना दर क्षणी आणि दर दिशेला वेगवेगळे वाकवतो आणि प्रतिमा फिसकटते. सर्वेक्षण करणाऱ्या गटाने त्या वेळच्या पद्धतींनी काही भागांच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. कच्चा डेटा मात्र संग्रहात राहिला आणि कोणालाही मागता येईल असा खुला राहिला. काही वर्षांनी हॉइब इंतेमा आणि सहकाऱ्यांनी आयनांबराचा हा दोष दिशावार दुरुस्त करणारी नवी गणनपद्धत त्या जुन्या डेटावर चालवली. २०१७ मध्ये त्यांनी आकाशाच्या ९० टक्के भागाचा नकाशा आणि त्यातल्या सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. अँटेना पुन्हा फिरवावी लागली नाही. आणि २०१८ मध्ये याच यादीतला एक अंधुक बिंदू मोठ्या प्रकाशीय दुर्बिणींतून तपासला, तेव्हा ती त्या वेळेपर्यंत माहीत असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरली. विश्व जेमतेम एक अब्ज वर्षांचे असताना तिथून निघालेले तरंग खोडदच्या माळावर पोचले होते आणि साठवणीत पडून होते. २०१२ साली कोणी जागा वाचवण्यासाठी कच्चा डेटा पुसून फक्त तयार प्रतिमा ठेवल्या असत्या, तर ती दीर्घिका त्या संग्रहातून कधीच सापडली नसती.

मग हा सगळा भार ठेवायचा कशावर? हार्ड डिस्क वेगवान असते, हवी ती फाइल क्षणात देते, पण ती वापरात असेतो तिची चकती फिरत राहते. टेप आपली माहिती निवांत धरून ठेवते. आजच्या टेपचा प्रचलित प्रकार एलटीओ नावाने ओळखला जातो. त्याची पहिली पिढी २००० साली आली, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट मावत. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात, आणि तेही डेटा आकुंचित न करता. आत अर्धा इंच रुंद आणि १०३५ मीटर लांब फीत असते, जाडी सुमारे पाच मायक्रोमीटर. उलगडून पसरली तर तिचे क्षेत्रफळ तेरा चौरस मीटर, म्हणजे एका नेटक्या खोलीच्या जमिनीइतके होते. टेपच्या स्वस्ताईचे आणि तिच्या भवितव्याचे रहस्य या क्षेत्रफळात आहे. डिस्कच्या छोट्याशा चकतीवर अक्षरशः अणूंच्या हिशेबाने दाटी करावी लागते. टेपवरची माहिती तिच्या मानाने शंभरपट विरळ लिहिलेली असूनही ती एवढी साठवते. त्यामुळे डिस्कची दाटी निसर्गनियमांच्या भिंतीला टेकत असताना टेपला अजून बरीच वाट मोकळी आहे. २०२० मध्ये आयबीएम आणि फुजीफिल्म यांनी एका कार्ट्रिजमध्ये ५८० टेराबाइट मावतील इतकी घनता प्रयोगशाळेत दाखवली आहे.

नवव्या पिढीच्या टेपवर ८,९६० समांतर मार्ग असतात आणि ड्राइव्हचे शीर्ष एका वेळी ३२ मार्गांवर लिहिते. शेतात नांगर बांधापर्यंत जातो आणि तिथून वळून शेजारचे तास धरतो, तशी फीत या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० फेऱ्या मारते, तेव्हा ती पूर्ण भरते. सेकंदाला ४०० मेगाबाइट या वेगाने हे लिहायला साडेबारा तास लागतात. सलग वाचन-लेखनात टेप म्हणूनच डिस्कपेक्षा मुळीच मंद नाही. मंदपणा आहे तो हवी ती जागा गाठण्यात, कारण फीत गुंडाळत तिथवर जावे लागते आणि त्यात मिनिटभर सहज जाते. बँकेच्या व्यवहारांना हा विलंब चालणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या आकाशाची नोंद मागणाऱ्या संशोधकाला एका मिनिटाने काहीच फरक पडत नाही.

टेप किती टिकते, हे तिच्यावरच्या लेपावर ठरते. डिचोलीच्या लाल डोंगरांत जे खनिज आहे, ते हेमटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड. जुन्या टेपांवरचा तपकिरी लेप रासायनिक सूत्राने अगदी हाच पदार्थ होता, मात्र त्याच्या स्फटिकातल्या अणूंची मांडणी वेगळी. हेमटाइट चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. त्याच सूत्राचा गॅमा प्रकार, मॅगेमाइट, उत्तम चुंबकीय असतो. पुढे घनता वाढवण्यासाठी शुद्ध लोहमिश्रधातूचे कण वापरले जाऊ लागले. ते प्रबळ चुंबक होते, पण धातू असल्यामुळे त्यांना गंजण्याचे भय होते आणि प्रत्येक कणावर संरक्षक थर द्यावा लागे. एलटीओच्या सहाव्या पिढीपासून बेरियम फेराइटचे कण येऊ लागले. हा पदार्थ स्वतःच ऑक्साइड आहे, त्यातले लोह आधीच प्राणवायूशी बांधलेले असल्यामुळे पुन्हा गंजायला काही उरत नाही. ज्या प्रदेशात लोखंडी गजाला खाऱ्या हवेत वर्षभरात पापुद्रे सुटतात, तिथल्या वाचकाला या बदलाचे मोल वेगळे सांगायला नको.

टेपवर घेतले जाणारे आक्षेप आता पाहू. पहिला आक्षेप नेहमीचा असतो: हे जुनाट तंत्र आहे, आता सगळे क्लाउडवर ठेवावे. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कोणाच्या इमारतीतली यंत्रे, आणि त्या यंत्रांमध्ये टेपही असते. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे काही जीमेल वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरून परत आणली. डिस्कवरच्या एकाहून अधिक प्रतींना त्या चुकीची झळ पोचली होती. टेप तारेने जोडलेली नव्हती, म्हणून ती वाचली. याच्या उलट डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या कामातल्या एका सदोष आज्ञावलीने ७७ टेराबाइट संशोधन डेटा पुसून टाकला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी डेटा केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचे ८५८ टेराबाइट जळून गेले. आकार फार मोठा असल्यामुळे त्यांची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. हा आकडा नवव्या पिढीच्या टेपने भागून पाहावा: ४८ कार्ट्रिज होतात. एका साध्या लोखंडी कपाटातही ती मावली असती. ‘फार मोठा’ हे कारण पटते ते डोळ्यांपुढे साठवणीचे एकच रूप असले तर, सतत चालू असलेल्या डिस्कचे.

दुसरा आक्षेप गोव्याचा स्वतःचा आहे आणि तो मी अधिक गंभीर मानतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, मग टेपचे काय होणार? ही भीती खोटी नाही. टेपवरचे चुंबकीय कण पॉलियुरेथेनच्या चिकट थराने फितीला धरलेले असतात, आणि हा थर हवेतले पाणी शोषून हळूहळू विघटित होतो. १९७० च्या आणि ८० च्या दशकांतल्या काही टेपांना हा रोग इतका जडला की त्या ड्राइव्हच्या शीर्षाला चिकटू लागल्या. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांनी अशा टेपा सौम्य आचेवर कित्येक तास सुकवून एकदा वाजवण्यापुरत्या वाचवल्या. आजच्या टेपांचा बांधक थर सुधारला आहे, तरी दीर्घकाळ साठवणीसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्यातल्या गोव्यात बाहेरची आर्द्रता ऐंशी-नव्वदच्या घरात असते, त्यामुळे कोरडी खोली करावीच लागेल. पण डिस्कचे सर्व्हरही कोरडी, थंड खोली मागतातच, शिवाय ते अखंड वीज मागतात. पाच पेटाबाइट डेटा वीस टेराबाइटच्या अडीचशे डिस्कवर ठेवला आणि प्रत्येक डिस्क सात वॅट घेते असे धरले, तर नुसत्या डिस्क वर्षाला पंधरा हजारांहून अधिक युनिट वीज घेतात. सर्व्हर आणि थंडावा यांचा खर्च त्याहून वेगळा. कपाटातल्या टेपला वीज लागत नाही. जूनमधल्या वादळात दोन दिवस वीज गेली, तर डिस्कचे केंद्र संकटात येते. टेपची खोली थोडी दमट होते आणि पुन्हा कोरडी करता येते. गोव्याचे हवामान टेपच्या विरोधात जितके जाते, त्याहून अधिक ते डिस्कच्या विरोधात जाते. याच भूमीवर वास्कोच्या हेडलँड सडा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे उणे २० अंशांवर सांभाळले जातात. हजारो वर्षांच्या हवेचे बुडबुडे बर्फात धरून ठेवणे ज्या राज्यात जमते, तिथे एक कोरडी खोली सांभाळणे जमणार नाही असे म्हणता येत नाही.

खरा कस लागतो तो तिसऱ्या आक्षेपात. टेप तीस वर्षे टिकेल, पण तिला वाचणारे यंत्र तीस वर्षांनी मिळेल का? बहुतेक मिळणार नाही. एलटीओची सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे मागच्या दोन पिढ्या वाचत. आठवी आणि नववी मागची एकच वाचतात, आणि २०२५ मध्ये आलेली दहावी पिढी तर मागचे काहीच वाचत नाही. नासाने १९६६-६७ मध्ये चंद्राभोवती पाच लूनर ऑर्बिटर याने पाठवली. त्यांच्या छायाचित्रांच्या सुमारे पंधराशे टेपा नॅन्सी इव्हान्स या नासाच्याच संग्रहपालबाईंनी फेकून देऊ दिल्या नाहीत. त्या वाचणारी अँपेक्सची अवजड यंत्रे मात्र जगातून नाहीशी होत होती. इव्हान्स यांनी त्यांतली काही मिळवून वर्षानुवर्षे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ठेवली. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या इमारतीत, निवृत्त तंत्रज्ञांच्या मदतीने यातले एक यंत्र पुन्हा चालू झाले आणि त्या जुन्या टेपांतून १९६६ साली छापल्या गेलेल्या चित्रांपेक्षा कितीतरी सुस्पष्ट चित्रे निघाली. या हकिकतीतून दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. चाळीस वर्षांनंतर टेपवरचा चुंबक शाबूत होता, आणि एका बाईच्या हट्टावर अवलंबून राहणे ही संग्रहाची रीत होऊ शकत नाही. उपाय जुनाच आहे: दर सात-दहा वर्षांनी सगळा संग्रह नव्या पिढीच्या टेपवर उतरवून घ्यायचा. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था हेच करते. २०१७ च्या जूनमध्ये तिच्या टेपांवर २०० पेटाबाइट जमा झाले होते, आणि नवी टेप आली की जुन्यावरचा डेटा तिच्यावर हलवणे हा तिथल्या कामाचा नित्याचा भाग आहे. टेपचा खर्च मोजताना कार्ट्रिजची किंमत मोजून थांबणारे अंदाजपत्रक म्हणून चुकीचे असते. त्यात या उतरवणीचे काम आणि ते करणारा कायम माणूस धरलेला नसतो.

इथे गोव्याच्या अभिलेखांचा इतिहास आठवल्यावाचून राहवत नाही. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची, पहिला अभिलेखपाल दियोगो द कौतो हा इतिहासकार. चार शतकांच्या दमट हवेतून जी दफ्तरे वाचली, त्यांचा उपयोग इतिहासाला खऱ्या अर्थाने होऊ लागला तो पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यांत आयुष्य घातल्यावर. १९५५ मध्ये त्यांनी या सगळ्या संग्रहाची मार्गदर्शक सूची प्रसिद्ध केली. कुठल्या पोथीत काय आहे हे कळेपर्यंत मराठे-पोर्तुगीज संबंधांची कागदपत्रे असूनही नसल्यासारखी होती. टेपलाही हाच नियम लागू आहे. कुठला आकडा तापमानाचा, कुठला खारेपणाचा, मोजमाप कुठल्या उपकरणाने घेतले आणि त्या उपकरणात किती चूक होती, हे डेटासोबत लिहिलेले नसेल तर टेप शाबूत राहूनही मुकी होते. समुद्रतळाखालच्या थरांची भूकंपीय सर्वेक्षणे या बाबतीत सुदैवी ठरली. त्यांच्यासाठी १९७५ मध्ये ठरलेल्या सेग-वाय या मांडणीत प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ८० अक्षरांच्या ४० ओळींचे वर्णन असते. ८० का, तर त्या काळच्या पंचकार्डावर तेवढीच अक्षरे मावत. पंचकार्डे गेली, नऊ मार्गांच्या टेपा गेल्या, पण त्या मांडणीतला डेटा आजचा संगणकही उघडतो. भारताने २००९ मध्ये सागरमग्न खंडभूमीच्या विस्ताराचा दावा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला, तो वास्कोच्याच केंद्राच्या देखरेखीखाली झालेल्या अशा सर्वेक्षणांच्या आधारावर. असा दावा तपासला जात असताना मूळ नोंद दाखवता आली पाहिजे. तिथे ती देशाच्या हद्दीचा दस्तऐवज होते.

शेवटचा आक्षेप विचारी माणसे घेतात, आणि त्यात तथ्य आहे: सगळेच ठेवणे अशक्य आहे. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सेकंदाला चार कोटी वेळा कणांचे गुच्छ एकमेकांवर येतात, त्यांतल्या फार थोड्या घटना निवडून बाकी जागीच सोडल्या जातात. भारत ज्यात सहभागी आहे तो स्क्वेअर किलोमीटर ॲरे पूर्ण झाला की दरवर्षी सुमारे ७०० पेटाबाइट प्रक्रिया केलेला डेटा देईल. त्याचा कच्चा प्रवाह तर साठवण्याच्या पलीकडचा आहे. खोडदच्या संग्रहाने जे दिले, ते त्या दुर्बिणीला देता येणार नाही आणि ही खरीखुरी हानी आहे. पण या मोठ्या उदाहरणांवरून आपल्या आकाराच्या संस्थांनीही पुसायला सुरुवात करावी, हा निष्कर्ष चूक आहे. पुसताना निवड आजच्या प्रश्नांप्रमाणे होते, आणि लेव्हिटस यांच्या समुद्रनोंदींनी दाखवले की उद्याचा प्रश्न वेगळा असतो. निवड करायचीच, तर ती डेटाच्या जातीवरून करावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या महासंगणकाने काढलेले प्रतिमानाचे निष्कर्ष प्रचंड असतात, पण प्रतिमान, त्याची सुरुवातीची स्थिती आणि आज्ञावली जपली तर ते पुन्हा काढता येतात. त्यातले बरेचसे काही वर्षांनी सोडायला हरकत नसावी. समुद्रात, आकाशात, बर्फात प्रत्यक्ष मोजलेले मात्र सोडू नये. कांदोळीच्या १९९७ पासूनच्या नोंदी एका पेनड्राइव्हवर मावतील. जहाजावरचा बहुकिरणी सोनार, भूकंपीय सर्वेक्षण, उपग्रहाच्या प्रतिमा यांना टेप लागते.

आपल्याकडे हे करायचे, तर दोन प्रती हव्यात आणि त्या एकाच किनाऱ्यावर नकोत. दोना पावल आणि हेडलँड सडा दोन्ही समुद्राला चिकटलेले आहेत, दोघांना एकच वादळ एकाच रात्री गाठू शकते. दुसरी प्रत घाटापलीकडे, बेळगाव किंवा पुण्यासारख्या, किनाऱ्याच्या मानाने कोरड्या ठिकाणी असावी. टेप ही उचलून गाडीत घालून नेता येणारी वस्तू असल्यामुळे यासाठी वेगवान जाळ्याचीही गरज नाही. फक्त थंड खोलीतून काढलेले कार्ट्रिज बाहेरच्या दमट हवेत लगेच यंत्रात घालू नये, त्यावर ओल धरते. ते एक दिवस खोलीच्या हवेला सरावू द्यावे लागते. कामाचा हिशेबही अवाक्यातला आहे. समजा संग्रह पाच पेटाबाइटचा आहे. नवव्या पिढीची २७८ कार्ट्रिज झाली. प्रत्येक पूर्ण वाचायला साडेबारा तास. दोन यंत्रे वाचायला आणि दोन नवी लिहायला लावली, तर रात्रंदिवस चालवून सुमारे बहात्तर दिवसांत सगळा संग्रह पुढच्या पिढीवर उतरतो. मध्ये यंत्र बंद पडणे, एखादी टेप दोनदा वाचावी लागणे, लिहिलेले ताडून पाहणे धरले तर चार महिने. दर सात-दहा वर्षांतून एकदा चार महिने, आणि मधल्या काळात दरवर्षी काही टेपा काढून त्या वाचता येतात की नाही हे तपासणे, एवढ्यासाठी एक कायम तंत्रज्ञ आणि त्याच्या हाताखाली शिकणारा एक जण लागतो. संस्थेच्या अंदाजपत्रकात ही दोन पदे उपकरणांच्या खरेदीखाली दडवता कामा नयेत. वेतनाखाली त्यांचा वेगळा रकाना असावा, म्हणजे प्रकल्प संपला तरी ती पदे संपणार नाहीत.